विरी गेलेलं पीठ

«मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी जालन्याला एका दवाखान्यात नर्स आहे, वय ३९. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. रविवारी उपासनेत गीतं मीच सुरू करते, पण गाताना आत काही हलत नाही. वर्षभरात बायबल पूर्ण करायचा तक्ता जानेवारीत भिंतीवर लावला, लेवीय या तिसऱ्याच पुस्तकापर्यंत आले आणि अडकले. एका मेळाव्यात ऐकलं, पहाटे तासभर गुडघे टेकल्याशिवाय आत्म्याला अन्न मिळत नाही. रात्रपाळीवरून आले की बसते आणि पलंगाला डोकं टेकून झोपी जाते. नवरा म्हणतो, तुझी प्रार्थना म्हणजे पेंग. मोठ्या जाऊबाई परतूरला असतात. सासऱ्यांच्या आजारपणातल्या खर्चावरून आमचं बोलणं दोन वर्षं बंद आहे, पण तो विषय वेगळा. माझा विश्वास संपला का?
— एक कोरडी विहीर»

लेकी, तुलाही सलाम.

आधी तो तक्ता भिंतीवरून काढ. आपल्या बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार होतात. ज्याला जमतं त्याने जरूर करावं. पण तुझ्या घरात तो तक्ता सावकाराच्या वहीसारखा झालाय. येता-जाता थकबाकी दाखवतो. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळाला, तेव्हा रोजचा रोज गोळा करा, उद्यासाठी ठेवू नका असं सांगितलं होतं. ज्यांनी साठवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. सूट फक्त सहाव्या दिवशी, शब्बाथासाठी म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी दुप्पट घ्यायची. म्हणजे कालचं राहिलेलं आज भरून काढायचा हिशेब देवाने ठेवलाच नव्हता.

हे आपल्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको. ज्वारीचं पीठ सकाळी मळून संध्याकाळपर्यंत ठेवता येत नाही. भाकरी त्या-त्या वेळी थापावी लागते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही महिन्याचं धान्य मागितलेलं नाही. आमची रोजची भाकर आज आम्हांस दे, एवढंच.

तर तू आता स्तोत्रसंहिता घे. ११७ वं स्तोत्र दोन ओव्यांचं आहे, १३१ वं तीनच. रात्रपाळीवरून आलीस की १३१ वं मोठ्याने वाच, आपल्याच कानावर पडेल असं, आणि मोबाइलवर नको, पुस्तकातून वाच. त्यात दूध तुटलेलं मूल आईपाशी शांत पडलेलं आहे. ते काही मागत नाही, रडत नाही, नुसतं तिथे आहे. वाचून झालं की झोप. पलंगाला डोकं टेकून नको, सरळ अंथरुणावर, पाठीला आराम मिळेल अशी.

आणि झोपेची एवढी लाज का वाटते तुला? तुझ्या जालन्याजवळच पाळक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती लोकांची वस्ती उभी केली आणि तिचं नाव ठेवलं बेथेल, देवाचं घर. ते नाव मुळात कुठून आलं ते आठव. याकोब घर सोडून पळालेला, थकलेला, दगड उशाला घेऊन झोपला होता. गुडघ्यावर नव्हता. जागा झाला तेव्हा म्हणाला, परमेश्वर इथे होता आणि मला कळलंच नाही, आणि त्या जागेचं नाव त्याने बेथेल ठेवलं. नवऱ्याला हे एकदा वाचून दाखव आणि तो विषय तिथेच सोड. एखादी रात्रपाळी स्वतः केली की तोही समजेल.

प्रार्थनेला वेगळा तास नसला तरी तुझ्या हाताला काम आहे. वॉर्डात प्रत्येक रुग्णानंतर तू साबणाने हात धुतेस. तेवढ्या वेळात त्या माणसाचं नाव देवापुढे घ्यायचं, बाकी काही बोलायचं नाही. एका पाळीत किती नावं होतील ते मोज. घरी तवा तापेपर्यंत प्रभूची प्रार्थना सावकाश एकदा म्हण. मुलं आसपास असतील तर त्यांच्यासोबत म्हण. आईच्या तोंडून रोज ऐकलेलं मुलांना न शिकवता येतं.

गाताना आत काही हलत नाही म्हणतेस. जुन्या पिठाची विरी जाते, माहीत आहे ना? भाकरीच्या कडा चिरतात, उचलायला गेलं की तुटते. म्हणून कुणी पीठ उकिरड्यावर टाकत नाही. उकळतं पाणी घालून मळतात, मग ते धरतं. तुझं तसं झालंय, आणि ते पाणी स्वतःचं स्वतःला घालता येत नाही. मंडळीतल्या एखाद्या वयस्क बाईकडे जा, जिच्याजवळ बोललेलं बाहेर जात नाही अशी. तिला सांग, माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना करा, मला जमत नाहीये. महिनाभर गीत दुसऱ्या कुणाला सुरू करू दे. तू मागच्या बाकावर बस आणि लोक तुझ्यासाठी गातायत असं समजून ऐक.

एक काळजी मात्र आहे. झोपायला मिळूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर त्याला विश्वासाची उणीव म्हणू नकोस. डॉक्टरांना दाखव, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, नंबरावर मराठीतूनही बोलता येतं. एलीया संदेष्ट्याने झुडुपाखाली पडून मरण मागितलं, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. तू नर्स आहेस, हा क्रम तुला बरोबर वाटेल.

आता जाऊबाई. «पण तो विषय वेगळा» हे वाक्य मी तीनदा वाचलं. लेकी, तो वेगळा नाही. प्रार्थनेत भाकरीच्या लगेच पुढची मागणी काय आहे? जसे आम्ही आमच्या ऋण्यांचे ऋण सोडले आहे, तसे तू आमचे ऋण आम्हांस सोड. भाकर मागायची आणि पुढच्या ओळीला ओठ नुसते हलवायचे, हे दोन वर्षं चाललंय. मग गीत गळ्याखाली उतरेल कसं? वेदीजवळ अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये, असं प्रभू म्हणतो. चूक कुणाची होती, ते तो तिथे विचारत नाही.

पैसे कुणी किती घातले हे मला माहीत नाही. कदाचित तुझंच खरं असेल. तुझे पैसे अडकले असतील तर ते नंतर, शांतपणे, दोघा भावांना समोर बसवून बोला. क्षमा केली म्हणून हिशेब बुडवायची गरज नाही. पण पहिल्या भेटीत हिशेब काढू नकोस. आधी फोन कर आणि एवढंच म्हण, «ताई, आई तुमची आठवण काढतात, रविवारी त्यांना घेऊन येऊ का?» त्या नाही म्हणाल्या तर बरं म्हणून फोन ठेव आणि पंधरा दिवसांनी पुन्हा कर. हो म्हणाल्या तर सकाळच्या गाडीने निघ, आणि त्या दिवशी रात्रपाळी घेऊ नकोस. परतूरहून लगेच परतायची घाई असली की बोलणं दारातच संपतं.

— मावशी