तळाच्या संघाचे काय करायचे? इंग्लिश क्लब रग्बीतील बढती-घसरणीविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या व्यावसायिक क्लब रग्बीत रूढ नियम असा होता की तळाचा संघ खालच्या गटात जायचा आणि खालच्या गटाचा विजेता वर यायचा. ही प्रमोशन-रेलिगेशनची, म्हणजे बढती-घसरणीची, पद्धत मोडीत काढावी आणि ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या क्लबांनाच वरच्या गटात प्रवेश द्यावा, ही मागणी गेली काही वर्षे जोर धरून आहे. क्रीडासंस्थांचे ताळेबंद वाचणे हे माझे काम असल्यामुळे इंग्लंडात राहणारे मराठी वाचक मला याविषयी सतत लिहितात, आणि बहुतेक पत्रांत एकच गैरसमज नव्या शब्दांत आलेला असतो. प्रत्येकाला वेगळे उत्तर देणे आता शक्य नाही, म्हणून निवडक प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : इंग्लिश रग्बीत ही पद्धत शंभर वर्षांची आहे, असे क्लबातील ज्येष्ठ मंडळी सांगतात. खरे आहे का? (बाथ)

नाही. रग्बी युनियनमध्ये, म्हणजे पंधरा खेळाडूंच्या रग्बीत, देशव्यापी श्रेणीबद्ध लीग १९८७ साली सुरू झाली, आणि खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला तो ऑगस्ट १९९५ मध्ये.

प्रश्न : घसरणीच्या टांगत्या तलवारीमुळेच वुस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब बुडाले, असे सर्वत्र वाचतो. मग ती पद्धत बंद करणे शहाणपणाचे नाही का? (लेस्टर)

हाच तो गैरसमज, आणि मला त्याची चीड येते ती तो निव्वळ ऐकीव असल्यामुळे. कोणीही कॅलेंडर उघडून पाहत नाही. मैदानावरील गुणांमुळे प्रीमियरशिपमधून, म्हणजे सर्वांत वरच्या गटातून, खाली गेलेला शेवटचा संघ न्यूकॅसल होता, आणि ते साल होते २०१९. पुढच्या हंगामात सॅरसेन्स खाली गेला, पण तो हरला म्हणून नव्हे. वेतनमर्यादा मोडल्याबद्दल त्याचे एकूण १०५ गुण कापले गेले म्हणून. त्यानंतर महासाथीचे कारण देऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये घसरण स्थगित झाली आणि ती स्थगिती पुढे लांबवली गेली. वुस्टर बंद पडला सप्टेंबर २०२२ मध्ये, वॉस्प्सवर दिवाळखोरीमुळे प्रशासक नेमले गेले ऑक्टोबर २०२२ मध्ये, आणि लंडन आयरिशला जून २०२३ मध्ये लीगमधून निलंबित केले गेले. म्हणजे तेरा संघांच्या लीगचे दहा संघ झाले, ते सामने हरल्यामुळे कोणालाही खाली जावे लागणार नव्हते अशा काळात. ज्या तलवारीला म्यान करून दीड-दोन वर्षे झाली होती, तिने हे तीन खून केले असे म्हणायचे असेल, तर निदान पुरावा द्यावा.

आता या क्लबांचे हिशेब पाहू. वॉस्प्स व्यावसायिक काळात मैदानावरील अपयशामुळे एकदाही खाली उतरला नव्हता. त्याने २०१४ च्या अखेरीस आपला मुक्काम कॉव्हेंट्रीला हलवला, स्टेडियम विकत घेतले आणि त्यासाठी सर्वसामान्य गुंतवणूकदारांना साडेसहा टक्के व्याजाचे ३.५ कोटी पौंडांचे रोखे विकले. त्यांची मुदत मे २०२२ मध्ये भरली आणि परतफेडीला पैसे नव्हते. वुस्टरच्या बाबतीत करखात्याची थकबाकी न्यायालयापर्यंत गेली. लंडन आयरिश आधी रेडिंगला आणि नंतर ब्रेंटफर्डला भाडेकरू म्हणून खेळला, त्यामुळे मैदानाच्या जोडधंद्यांतून होणारी मिळकत त्याच्या हाती फारशी नव्हतीच. या सगळ्यावर कोविडकाळात घेतलेल्या सरकारी कर्जाचा भार आला, जो सर्व क्लबांचा मिळून १२ कोटी पौंडांहून अधिक होता. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये लीगच्या मध्यवर्ती व्यवसायातील २७ टक्के हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला २० कोटींहून अधिक पौंडांना विकला गेला. त्या पैशाने एका हंगामाची दिवाळी झाली, पण पुढच्या प्रत्येक वर्षीच्या उत्पन्नातला वाटा कायमचा गेला. मिळकतीपेक्षा पगार जास्त आणि तूट भरून काढायला एखादा धनिक मालक, हा या धंद्याचा मूळ रोग आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा उपचार चालला आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे पूर्ण निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. खाली जाण्याच्या भीतीने क्लब हंगामाच्या मध्यावर महागडे परदेशी खेळाडू आणतात, तरुणांना बाकावर बसवतात आणि पाच वर्षांची योजना आखत नाहीत, हे खरे आहे. कर्जाचा काही भाग त्या भीतीच्या वर्षांत साचला, हेही मान्य. न्यूकॅसल २०२३-२४ मध्ये अठराच्या अठरा सामने हरला आणि तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये रेड बुलने तो विकत घेतला; तळाच्या क्लबाला खाली ढकलले असते तर असा ग्राहक मिळाला असता का, हा प्रश्न रास्त आहे. पण बंद लीग म्हणजे सुरक्षित लीग हे समीकरण जगात कोठेही सिद्ध झालेले नाही. दक्षिण गोलार्धातील सुपर रग्बी या लीगमध्ये घसरण कधीच नव्हती, तरी मेलबर्न रेबेल्स हा संघ २०२४ च्या हंगामानंतर संपला. आपण पाठीराखे असाल तर कोणत्याही बाजूने सह्या करण्याआधी आपल्या क्लबाचे कंपनी नोंदणी कार्यालयात दाखल झालेले हिशेब मिळवा. ते विनामूल्य दिसतात. ते समजत नसतील तर एखाद्या लेखापालाबरोबर तासभर बसा.

प्रश्न : आमचा ईलिंग संघ खालच्या गटात पुन्हा पुन्हा पहिला येतो, तरी वर का जात नाही? (पश्चिम लंडन)

कारण जिंकणे ही केवळ एक अट आहे. ईलिंगने २०२२, २०२४ आणि २०२५ असे तीनदा चॅम्पियनशिप ही दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली. परंतु वर येण्यासाठी जे किमान निकष ठेवले होते, त्यांत १०,००१ प्रेक्षकांच्या मैदानाची अट होती, आणि ईलिंगचे मैदान त्याहून बरेच लहान आहे. वरचा तळाचा आणि खालचा पहिला यांच्यात सामना खेळवायचे २०२३-२४ पासून ठरले होते. तो २०२४ मध्येही झाला नाही आणि २०२५ मध्येही नाही.

मैदानाची अट अन्यायकारक आहे असे मी सरसकट म्हणत नाही. सुरक्षितता आणि उत्पन्न यांच्याशी तिचा संबंध आहे. माझा आक्षेप दिरंगाईला आणि दुटप्पीपणाला आहे. रॉदरहॅमला २००२ साली जिंकूनही याच प्रकारच्या अटींवर अडवले गेले आणि तळाचा लीड्स वाचला. लंडन वेल्शला २०१२ साली प्रथम नकार मिळाला, पण वरच्या गटातील काही भाडेकरू क्लबांना त्याच नियमातून सूट असल्याचे उघड झाले आणि अपिलात निर्णय फिरला. दहा वर्षांनी ईलिंगपुढे पुन्हा तीच भिंत उभी राहिली. शिवाय खालच्या गटाला मिळणारे अनुदान २०२० मध्ये जवळजवळ निम्मे केले गेले. पैसे काढून घ्यायचे आणि स्टेडियम का बांधत नाही असे विचारायचे, याला काय म्हणावे? निकषांची ताजी प्रत मात्र क्लबाच्या सचिवांकडूनच घ्यावी. ते दर काही हंगामांनी बदलतात आणि मंडळीत फिरणारी जुनी प्रत निरुपयोगी असते.

प्रश्न : फ्रान्समध्ये बढती-घसरण असूनही रग्बी भरभराटीला आहे. तेच इंग्लंडने का करू नये? (कॉव्हेंट्री)

तोप १४ या फ्रान्सच्या वरच्या गटात चौदावा संघ थेट खाली जातो आणि तेराव्याला प्रो डे २ या दुसऱ्या गटाच्या पराभूत अंतिम स्पर्धकाशी जागेसाठी सामना खेळावा लागतो. माँपेलिएने २०२४ साली ग्रनोब्लला २०-१८ असे हरवून जीव वाचवला, तो सामना पाहिलेल्याला तळाची लढत निरर्थक वाटणार नाही. पण फ्रान्समध्ये दुसरा गटही स्वतःच्या पायावर उभा आहे, नगरपालिका मैदाने पुरवतात आणि क्लबांच्या हिशेबांवर नजर ठेवणारी समिती तूट दिसली की क्लबाला दंड करते, प्रसंगी खाली उतरवते. ब्रिटनीतील वान हा क्लब २०२४ मध्ये वर आला आणि पुढच्याच वर्षी खाली गेला. तरी तो बुडाला नाही, कारण खालीही जगता येते. इंग्लंडात खाली जाणे म्हणजे कड्यावरून पडणे आहे. कड्याला पायऱ्या करण्याऐवजी वर कुंपण घालण्याचा विचार चालला आहे.

आणि कुंपण २००९ सालीच घातले असते, तर काय हुकले असते तेही सांगतो. एक्सिटर २०१० मध्ये ब्रिस्टलला हरवून वर आला, २०१७ मध्ये इंग्लंडचा विजेता ठरला आणि २०२० मध्ये इंग्लंड व युरोप या दोन्ही स्पर्धा त्याने जिंकल्या.

प्रश्न : रग्बी लीगमध्ये गुणपत्रिका देऊन संघ निवडतात म्हणे. ती पद्धत अधिक न्याय्य नाही का? (लीड्स)

प्रथम, रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा वेगळा खेळ आहे. पत्रांत दोन्हींची सरमिसळ करू नये. त्यांच्या सुपर लीगने २००९ पासून घसरण बंद करून परवाने दिले होते. परवाना मिळालेला वेल्समधील क्रुसेडर्स हा संघ २०११ मध्ये बाहेर पडला, आणि २०१५ पासून लीग पुन्हा बढती-घसरणीकडे वळली. आता वीसपैकी गुण देणारी श्रेणीपद्धत आहे, ज्यात मैदान, उत्पन्न, प्रेक्षक आणि कामगिरी हे सगळे मोजतात. लंडन ब्रॉन्कोस २०२४ च्या हंगामानंतर या गुणांमुळे खाली गेला. गुण जाहीर होतात, ही त्यातली जमेची बाजू. निकष लावायचेच असतील तर ते आधी जाहीर असावेत, वरच्या विद्यमान क्लबांनाही तितक्याच कडकपणे लागावेत आणि तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकाने करावी.

प्रश्न : क्लबाने पाठीराख्यांसाठी गुंतवणूक योजना आणली आहे. "लीग बंद झाली की किंमत वाढणार" असे सांगतात. पैसे घालू का? (नॉर्थॅम्प्टन)

स्वतंत्र, नोंदणीकृत आर्थिक सल्लागाराला विचारल्याशिवाय एक पौंडही घालू नका. "वाढणार" हा शब्द लेखी द्या म्हणावे आणि काय उत्तर येते ते पाहा. वॉस्प्सचे रोखेधारकही क्लबावर प्रेम करणारेच होते.

प्रश्न : आमचा हौशी क्लब सातव्या पायरीवर खेळतो. आमचीही बढती बंद होणार का? (डेव्हन)

नाही, वाद व्यावसायिक स्तरापुरता आहे. गटांची फेररचना मात्र होत असते, म्हणून आपल्या काउंटीच्या रग्बी मंडळाकडे खात्री करा.

प्रश्न : मुलाला दुसऱ्या श्रेणीतील क्लबाकडून करार आला आहे. वर जाण्याचा रस्ताच बंद असेल तर सही करावी का? (बेडफर्ड)

मुलगा चांगला खेळला तर तो वर जाईल, क्लब जावो न जावो. खेळाडूंना कुंपण नसते. काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टीची. जर्सी रेड्स २०२३ मध्ये चॅम्पियनशिपचा विजेता ठरला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याचे कामकाज थांबले. विजेत्या संघाचे खेळाडू एका दिवसात बेकार झाले. म्हणून करारात क्लब बंद पडल्यास वेतनाचे, दुखापतीच्या उपचारखर्चाचे आणि राहत्या घराचे काय, ही तीन कलमे शोधा. ती नसतील तर मागा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका आणि सही करण्याआधी क्रीडा-करार जाणणाऱ्या वकिलाला प्रत दाखवा. मुलाचे शिक्षण चालू असेल तर ते सोडवू नका.

प्रश्न : आपल्याकडच्या रग्बी प्रीमियर लीगमध्ये घसरण का नाही? (पुणे)

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला झालेली ती स्पर्धा सात-सात खेळाडूंच्या रग्बीची, सहा फ्रँचायझींची आणि दोन आठवड्यांची होती. उतरवायचे म्हटले तर खाली दुसरा गट असावा लागतो, आणि तो नाही.