अमेरिकेत शाळेची टीम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये (म्हणजे लीगमध्ये, आसपासच्या शाळांच्या ठरलेल्या गटात) नसेल तर मुलांना प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, खेळता येतो का? कॉलेजच्या टीममध्ये जायला अडतं का?

ओहायोपुरतं सांगते: येतो. इथे फुटबॉलचा (अमेरिकन) प्लेऑफ 1972 पासून हार्बिन पॉइंट्सवर (कोणाला हरवलं त्यावरून मिळणारे गुण) ठरतो, लीगच्या ट्रॉफीवर नाही. मॅसिलन या इथल्याच गावाच्या शाळेची टीम इंडिपेंडंटच (कुठल्याच लीगमध्ये नसलेली) आहे, आणि 2023 मध्ये एकही मॅच न हरता डिव्हिजन टूची (डिव्हिजन म्हणजे शाळांच्या आकारावरून पाडलेले गट) स्टेट चॅम्पियन झाली.

आमचा मुलगा अशाच एका टीमचा किकर (पायाने बॉल मारून पॉइंट मिळवणारा) होता. सॉकरमधून उचललेला, अंगाने काडी. टीमला लीग नाही यावरून माझ्या दिरांनी डोकं खाल्लं होतं. मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर, हातात प्रसादाची वाटी धरून, चारचौघांत: "वहिनी, लीग नसलेली टीम म्हणजे गल्लीतलं क्रिकेट. ऑल-कॉन्फरन्स नाही, काही नाही, कॉलेजवाले बघणार काय?" त्यांच्या मुलाच्या लेटर जॅकेटवर (शाळेच्या खेळाडूंचं जॅकेट) ऑल-कॉन्फरन्सचा, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंना मिळणारा, पॅच होता. हॉलभर दाखवून झाला होता.

खरा त्रास वेगळाच असतो. ऑगस्टच्या शेवटी मॅच सहज मिळतात. सप्टेंबर सरला की आसपासच्या सगळ्या शाळा आपापल्या लीगमध्ये अडकतात आणि तुमच्याशी खेळायला कोणी मोकळं नसतं. आमचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर हिवाळ्यापासूनच फोन करत बसायचे. मग कधी पेनसिल्व्हेनियात जा, कधी कॅनडातल्या ऑन्टारियोहून टीम बोलवा. पोरं मध्यरात्रीनंतर पिवळ्या बसमधून उतरायची आणि आम्ही आया शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून पेंगत असायचो.

पण पॉइंट्सची गंमत बघा. मोठ्या डिव्हिजनच्या शाळेला हरवलं की जास्त पॉइंट. शिवाय तुम्ही हरवलेली टीम पुढे जिंकत गेली तर त्याचाही वाटा तुम्हाला. म्हणजे ज्यांना लोळवलं त्यांच्यासाठीच देव पाण्यात घालून बसायचं! एका वर्षी दहाव्या, म्हणजे शेवटच्या, आठवड्यात आमचं सगळं अशाच एका शाळेवर अडलं होतं. तिच्या कोचने सप्टेंबरमध्ये रेफरीशी भांडून आमच्या पोरांना नको नको ते ऐकवलं होतं. त्याच माणसाच्या टीमसाठी मी स्वयंपाकघरात फोनवर स्कोअर बघत ओरडत होते. ते जिंकले, आम्ही प्लेऑफमध्ये गेलो. दिरांच्या मुलाची टीम त्याच वर्षी लीग चॅम्पियन होती आणि घरी बसली. तेव्हा प्रत्येक रीजनमधून (डिव्हिजनच्या एकेका भागातून) प्लेऑफला आठच टीम घेत, आणि त्यांच्या लीगमध्ये दम नव्हता. लीगने दिलेल्या लिंबूटिंबूंशी खेळून पॉइंट येणार कुठून?

कॉलेजचं म्हणाल तर किकरचा व्हिडिओ बघतात, किती यार्डांवरून बॉल पोस्टमध्ये जातो ते बघतात. पॅचबद्दल आम्हाला कोणी चकार शब्द विचारला नाही. पेपरवाले निवडतात ती राज्यातल्या उत्तम खेळाडूंची ऑल-ओहायो यादी इंडिपेंडंट पोरांनाही खुली असते.

तेव्हा शाळा बघायला जाल तेव्हा लीगचं नाव विचारत बसू नका, पुढच्या सीझनचं शेड्यूल मागा. सातव्या ते दहाव्या आठवड्यासमोर नावं असली म्हणजे झालं. नातेवाइकांना तर मुळीच विचारू नका.

हां, टेक्सासात असाल तर वरचं सगळं विसरा. तिथे यूआयएल ही शालेय स्पर्धांची संस्थाच शाळांना डिस्ट्रिक्ट (गट) नेमून देते आणि त्यातल्या पहिल्या चार टीम पुढे जातात. आणि हे फक्त फुटबॉलचं. बास्केटबॉलला ओहायोत टूर्नामेंट सगळ्याच शाळांना खुली असते, तिथे हा प्रश्नच येत नाही.