लेप वाळू द्यायचा नसतो

“ताई, जडीबूटीच तर आहे, तिने काय नुकसान होणार?” तारुण्यपिटिकांनी त्रासलेल्या मुलांना घेऊन येणारे बहुतेक पालक मला हे विचारतात. मी आयुर्वेदाची पदवीधर असून इंदूरमध्ये किशोरवयीन मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे समुपदेशन करते. गेल्या हिवाळ्यात एका आईने हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिचा १७ वर्षांचा मुलगा खिडकीकडे पाठ करून, मास्क लावूनच बसला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मास्क काढल्यावर दिसले की गालांवर पिटिका होत्याच, पण कपाळाची कातडी सोललेली होती आणि जबड्याजवळ लाल, चकाकणारे चट्टे होते. मुलतानी माती, हळद आणि लिंबाचा रस यांचा लेप आजी रोज रात्री लावून देत आणि तो सकाळपर्यंत तसाच राही. लिंबाच्या आम्लाने कातडी भाजून निघाली होती. पुढे कोणीतरी ‘शुद्ध हर्बल’ म्हणून एक मलम आणून दिले. ती पांढरी डबी आईने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच, मुदत यांपैकी काहीच छापलेले नव्हते. मलमाने चार दिवसांत चेहरा स्वच्छ झाला आणि ते बंद करताच आठवड्याभरात पूर्वीपेक्षा जास्त पिटिका उठल्या. त्यावर मलम देणाऱ्याने “अंगातली गरमी बाहेर पडते आहे” असे सांगितले आणि घरच्यांनी ते खरे मानले.

कोणतीही वनस्पती चार दिवसांत पिटिका नाहीशा करीत नाही. इतक्या झटपट गुण येतो आणि मलम थांबवताच त्रास उसळतो, तेव्हा त्यात स्टिरॉइड मिसळल्याचा संशय आधी घ्यावा लागतो, म्हणून त्याच आठवड्यात मी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांचाही निष्कर्ष तोच निघाला. ते चट्टे शमेपर्यंत आम्ही एकही लेप लावला नाही.

त्या काळात आमचे बोलणे झाले ते मुख्यतः त्याच्या वहीवर. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगच्या वहीत, भौतिकशास्त्राच्या गणितांच्या समासात, तो रोज सकाळी आरशात पाहून पिटिकांचा आकडा लिहीत असे: १४, १७, १६. ज्या दिवशी आकडा वाढे, त्या दिवशी तो शेवटच्या बाकावर बसे. आईला वाटत होते की सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातल्या जिलबीमुळे हे होते आहे, आणि जेवताना रोज त्यावरून बोलणी बसत. गोडाचा अतिरेक काहींचा त्रास वाढवतो हे खरे आहे, परंतु मूळ कारण या वयात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे जास्त स्रवणारे त्वचेतले तेल आणि बुजणारी रंध्रे हे आहे. ते मी आईला त्याच्यासमोरच सांगितले, कारण आपण काही चुकीचे केलेले नाही हे त्याला आईदेखत ऐकायचे होते असे मला वाटले.

आयुर्वेदाचे प्राचीन आचार्य सुश्रुत यांनी या विकाराला मुखदूषिका म्हटले आहे. तरुणांच्या चेहऱ्यावर कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडामुळे (दुष्टीमुळे) काटेसावरीच्या काट्यांसारख्या पिटिका येतात, असे त्यांचे वर्णन आहे. म्हणजे हे तरुण वयाचे दुखणे आहे, हे आपल्या शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. चट्टे गेल्यावर तज्ज्ञांच्या संमतीने मी आयुर्वेदाचे ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी दिलेला लोध्र (एक औषधी वनस्पती), धणे आणि वेखंड यांचा साधा लेप सुचवला. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहायला सांगितले, कारण वेखंड उष्ण असते आणि काहींना ते चुरचुरते. आठवड्यातून तीनदाच, पाण्यात कालवून, आणि ओला असतानाच काढायचा. वाळलेला लेप त्वचा बिघडवतो, म्हणून तो भिजवून काढावा, असे वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथातही स्पष्ट सांगितले आहे. लेप असताना उन्हात जाऊ नये, बोलू नये, रागावू नये असेही तिथे म्हटले आहे, आणि या शेवटच्या पथ्याचा आईने फार मनावर घेऊन विचार केला.

सहा आठवडे फरक दिसला नाही. इथेच बहुतेक घरी औषध बदलले जाते, म्हणून ८ ते १२ आठवडे थांबावे लागेल हे मी आधीच लिहून दिले होते आणि आकडा रोज नव्हे, रविवारी लिहायचा असे त्याच्याशी ठरवले होते. गाठी, पू किंवा खड्डे पडू लागले तर मात्र तेवढेही थांबायचे नव्हते, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे होते.

अकराव्या रविवारी वहीत ५ लिहिलेले होते. जुने काळसर डाग अजून आहेत आणि त्यांना बरेच महिने लागतील, हे त्याला माहीत आहे. लेप लावला की दहा मिनिटांनी आजीच ओला पंचा घेऊन त्याच्या खोलीच्या दाराशी येतात.