सतराव्या ओळीतले पस्तीस हजार

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझं मशिनिंगचं छोटं युनिट आहे, नऊ कामगार आहेत. माझं वय ४३, पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी यंदा दहावीत आणि मुलगा ९ वर्षांचा. या दिवाळीत चौघांनी जर्मनीला जायचं, फ्रँकफर्टला गाडी भाड्याने घ्यायची, बारा दिवस फिरायचं आणि न्युरबुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर मी दहा फेऱ्या मारायच्या, असा बेत आहे. खर्च ११ लाख. ऑगस्टमध्ये ५ लाखांच्या एफडीची मुदत संपतेय. ३ लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या म्युच्युअल फंडातून काढेन आणि ३ लाख सोनेतारणाचे. रिंग हा जर्मन कायद्याने टोलचा रस्ताच आहे, मग भाड्याच्या गाडीचा विमा तिथेही चालेल ना? शीट सोबत जोडली आहे. (याखाली पत्नीची एक ओळ: 'फेरीच्या वेळी मुलं गाडीत बसणार का, तेवढं विचारा.')

उत्तर:

शीट बघून बरं वाटलं. तेवीस ओळी, आणि पार्किंगपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत काही सुटलेलं नाही. विमानाच्या तिकिटाचे तीन-तीन भाव काढलेत. सतराव्या ओळीत मात्र 'ट्रॅक फेऱ्या: १० × ३५ युरो = ३५,०००' एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. बाकी बावीस ओळी चुकल्या तर लाखभर इकडे-तिकडे होईल. ही एक चुकली तर किती जाईल, याचा आकडा तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही.

तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. न्युरबुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, म्हणजे नॉर्डश्लायफे, १९२७ पासून आहे. लांबी २०.८ किलोमीटर, सत्तरच्या वर वळणं आणि सुमारे ३०० मीटरचा चढउतार. गगनबावड्याचा घाट कुणीतरी एकेरी करून त्यावर गुळगुळीत डांबर घातलंय, असं समजा. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं. १९७६ मध्ये निकी लाउडाची गाडी इथेच पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या लांब ट्रॅकवर परत आली नाही. तरीही ठरावीक दिवशी पैसे भरून कुणीही आपली गाडी आत नेऊ शकतो. त्याला तिथे टुरिस्टनफार्टन म्हणतात. त्या वेळात तो एकेरी टोल रस्ता मानला जातो, वाहतुकीचे नियम लागू असतात, ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचा आणि घड्याळ लावून वेळ काढायला बंदी.

पण हे झालं रस्त्याच्या कायद्याचं. गाडी तुम्ही ज्या कंपनीकडून घेणार, तिच्याशी तुमचा करार वेगळा. भाड्याच्या गाड्यांच्या करारात रेस ट्रॅकवर गाडी नेण्याची मनाई असतेच, आणि जर्मनीत तर बऱ्याच करारांत न्युरबुर्गरिंगचं नाव घालून मनाई केलेली असते. टोलचा रस्ता असो की गल्ली, ती अट मोडली की तुम्ही रोजचे पैसे भरून घेतलेलं डॅमेज वेव्हर (नुकसानीचे पैसे तुमच्याकडून न घेण्याची हमी) गळून पडतं. मग गाडीची पूर्ण किंमत तुमच्या क्रेडिट कार्डावर. त्यात कडेचा लोखंडी कठडा वाकला तर त्याची दुरुस्ती, गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि तुमच्यामुळे ट्रॅक बंद ठेवावा लागला तर त्याचेही पैसे. ही बिलं हजारो युरोंत येतात. युरो शंभर रुपयांचा धरला (हिशोबाला सोपा, प्रत्यक्षात वर-खाली होतो), तर मधल्या आकाराची एक गाडी म्हणजेच तीस लाख. अकरा लाखांच्या सहलीत पस्तीस हजारांच्या ओळीमागे तीस लाखांचा खड्डा.

कुणाला कळणार, असं मनात येत असेल. माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात भाड्याच्या गाडीचं एक रिम मी फुटपाथला घासलं. पाच बोटांएवढा ओरखडा. गाडी परत देताना काउंटरवरच्या मुलीने हसून चावी घेतली. मी राजारामपुरीत पोचून महिना उलटल्यावर कार्डावरून रक्कम वजा झाली, वर कागदपत्रांचा वेगळा खर्च. मी फक्त पार्किंग चुकवलं होतं. हल्ली गाड्यांना ट्रॅकर असतात, आणि रिंगच्या आसपास फोटो काढणाऱ्यांची काही कमी नाही.

यावर तिथे सरळ रस्ता आहे. न्युरबुर्ग गावात आणि आसपास खास रिंगसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने देणारे आहेत. सुझुकी स्विफ्टसुद्धा मिळते (एवढ्या लांब जाऊन स्विफ्ट का, असं म्हणू नका, पहिल्या चार फेऱ्यांना ती पुरून उरते). भाडं काही शे युरो, शेजारी प्रशिक्षक हवा तर त्याचे वेगळे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कागदावर 'एक्सेस'चा आकडा छापलेला असतो: गाडीचं नुकसान झालं तर इतक्या युरोपर्यंत तुमचे, पुढचं त्यांचं. गाडी जेवढी भारी, तेवढा हा आकडा मोठा. लहान गाडीला ५,००० युरो धरून चला. सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: कठड्याचं नुकसान या एक्सेसमध्ये येतं की वेगळं? आणि ओल्या रस्त्यावर अट बदलते का? आयफेलच्या डोंगरात ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हे नेहमीचंच आहे.

म्हणजे सतराव्या ओळीच्या आता दोन ओळी झाल्या. चार फेऱ्या, गाडी आणि प्रशिक्षक मिळून ७० हजार. आणि ५ लाख वेगळे, जे खर्च होऊ नयेत पण जवळ असलेच पाहिजेत. ते नसतील तर स्टिअरिंग हातात घेऊ नका. व्यावसायिक ड्रायव्हरच्या शेजारी बसून एक फेरी मारता येते, कठड्याची काळजी त्याची. सबिन श्मिट्झ या बाई 'रिंग-टॅक्सी' चालवूनच जगभर माहीत झाल्या.

आता पैसे कुठून काढायचे ते बघू. तुम्ही तीन खिशांत हात घातलाय, त्यातले दोन मी बंद करतो.

सोनेतारण नको. ३ लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३३ हजार, ते फार वाटत नाही. पण तुमचीच मोठी गिऱ्हाइकं ९० दिवसांनी पैसे देतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं एक थकलं की पहिला थांबतो तो या कर्जाचा हप्ता. गहाण काय पडणार, तर तुमच्या शब्दांत 'साज आणि पाटल्या'. वहिनींनी मुलांबद्दल विचारलं, साजाबद्दल नाही. म्हणून तो प्रश्न त्यांच्या वतीने मी विचारतो.

मुलीचा फंड तर नकोच. तीन वर्षांनी तिची इंजिनिअरिंगची पहिली फी भरायची आहे. इक्विटी फंडावरचा दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त, वर १२.५ टक्के, त्यामुळे कराने फार नुकसान होणार नाही. पण काढलेले ३ लाख तीन वर्षांत परत भरायला महिना आठ-साडेआठ हजार जादा लागतील. ते आम्ही भरू असं म्हणणारी माणसं मी वीस वर्षं बघतोय.

उरली एफडी. ती घ्या, पण दिवाळीत जाऊ नका. एक तर मुलीची दहावी, तीन-चार महिन्यांवर बोर्डाची परीक्षा. दुसरं, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि तेव्हा तिथला हंगाम संपत आलेला असतो. धुकं, ओला पाला, लवकर पडणारा अंधार. तिकिटं काढून पोचायचं आणि फाटक बंद मिळायचं, हा धोका त्या दिवसांत जास्त. पुढचा मे बघा. बोर्ड संपलेलं, अकरावी सुरू व्हायची असते, आणि पुढची दोन वर्षं ती तुम्हाला सुट्टी देणार नाही. तिथल्या वेळापत्रकात जवळजवळचे दोन खुले दिवस निवडा, जमल्यास शुक्रवार ते रविवार टाळून. फेरीही स्वस्त आणि गर्दीही कमी. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, तुमच्या मुलाला ४५. आंतरराष्ट्रीय परवाना इथे आरटीओतच काढा.

आज जून आहे, मेपर्यंत अकरा महिने. महिन्याला ४० हजार बाजूला पडतात म्हणालात, म्हणजे ४ लाख ४० हजार. एफडी ऑगस्टमध्ये पुन्हा आठ-नऊ महिन्यांसाठीच टाका, व्याजासह ५ लाख १० हजार धरू. वडील उसाच्या बिलातून २ लाख देणार आहेत. कायद्याने कारखान्याने चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं, पण आपण कोल्हापूरकर आहोत, ते मार्चमध्ये आलं असं समजू. झाले साडेअकरा लाख. सहल दोन रात्रींनी कमी करा, खरेदीची ओळ ८० हजारांवर आणा, मेचं तिकीट थोडं महाग पकडा. माझ्या हिशोबाने फेऱ्यांचे ७० हजार धरून १० लाख ३० हजार होतात. उरले १ लाख २० हजार. युनिटच्या अडीअडचणीला तुम्ही ७ लाख ठेवलेत. त्यातले दोन महिन्यांचे पगार आणि भाडं, ३ लाख ६० हजार, कुणी हलवायचे नाहीत. वरचे ३ लाख ४० हजार एक्सेससाठी राखीव मोजता येतील. बेरीज ४ लाख ६० हजार. ५ लाखांना चाळीस हजार कमी. शीटमध्ये खरेदीसारख्या ओळी अजून आहेत, तिथून ते निघतील.

टीसीएसबद्दलही (परदेशी खर्चावर आधीच कापून घेतला जाणारा कर) शीटमध्ये प्रश्नचिन्ह आहे. टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पांत बदलत आलाय, बुकिंगच्या दिवशीचा विचारा. स्वतः बुकिंग करून फॉरेक्स कार्ड भरलंत तर माणशी वर्षाला १० लाखांपर्यंत लागत नाही, आणि तुम्ही त्याच्या आतच आहात. कापला गेला तरी बुडत नाही. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक कर-पत्रकात दिसतो, तुमच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यातून वळता करा.

एक बाजूची गोष्ट. थेट रिंगवर पहिला धडा गिरवू नका. आपल्या गावात मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथले चार रविवार काही हजारांत होतात आणि ब्रेक कुठे लावायचा हे पाठीला कळतं. पुढे हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. पण घरची गाडी तिथे नेणार असाल तर तिची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' वाचा. संघटित शर्यत आणि वेगचाचणी भारतातल्या वाहन विम्यात बसत नाही. टायर आणि ब्रेक पॅड तर तुमचेच.

आता वहिनींचा प्रश्न. नियमाने मुलांना बसवता येतं, धाकट्याला उंचीप्रमाणे चाइल्ड सीट लावून. माझं उत्तर: नाही. आणि वहिनींनीही त्या गाडीत बसू नये. तुमची ७५ लाखांची टर्म पॉलिसी २०१९ ची आहे, तीन वर्षं उलटलीत, त्यामुळे आता कंपनीला तिच्यावर सहजी बोट ठेवता येणार नाही. पण प्रवास विम्याचं तसं नाही. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात मोटर रेसिंगचं कलम व्यावसायिक खेळाडूंसाठी आहे, प्रवास विम्यात आणि अपघात पॉलिसीत ते बरेचदा सगळ्यांनाच लागू असतं. पॉलिसी घेण्याआधी 'न्युरबुर्गरिंगवर टुरिस्ट ड्रायव्हिंग' असे शब्द वापरून ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मृत्युपत्र केलेलं नाही, असंही लिहिलंय. चार पानांचं काम आहे. व्हिसासाठी पुण्या-मुंबईला जाल त्याआधी, दोघांचंही, उरकून घ्या. मुलांचा पालक कोण, हे त्यात नावानिशी हवं.

तुम्ही आत असाल तेव्हा ती तिघं ट्रॅकच्या कुंपणाबाहेर, ब्रुनशेनच्या वळणाशी उभी राहू दे. बघायला तिथे सगळेच जमतात, फुकट आहे. मुलाला परतीच्या वाटेवर झिन्सहाइमच्या संग्रहालयात न्या, छतावर खरंखुरं कॉन्कॉर्ड विमान आहे आणि त्याच्या आत चढता येतं. अकराव्या ओळीत तुम्ही त्याचं तिकीट चौघांचं धरलंय, ते तसंच राहू दे.

सतरावी ओळ दोन भागांत करून शीट परत पाठवा. एक्सेसचा रकाना लाल करा.