‘शाळा’ आणि ‘स्कूल’: दिसतात जुळ्या, नात्यात कुणीच नाहीत

एका वाचकाचा प्रश्न असा: ‘शाळा’ आणि ‘स्कूल’ कानाला इतके जवळचे लागतात, तर ‘स्कूल’ आपल्या ‘शाला’वरूनच आला असणार, नाही का? आणि ‘स्कूल’चा मूळ अर्थ ‘फुरसत’ होता असं कुणी छातीठोकपणे सांगतं, ती थाप का?

थाप नाही. आणि ती थाप नाही म्हणूनच पहिली समजूत टिकत नाही.

ग्रीक भाषेत ‘स्खोले’ म्हणजे सवड, रिकामा वेळ. याच शब्दाला नकाराचा ‘अ’ लावला की होतो ‘अस्खोलिया’, म्हणजे कामाची धांदल. काम म्हणजे काय, तर सवड नसणं! अॅरिस्टॉटलने हीच जोडी वापरून म्हटलंय की आपण धांदल करतो ती सवड मिळावी म्हणून. ज्यांना पोटापाण्याची विवंचना नव्हती ते ही सवड वादचर्चेत घालवत. मग चर्चेलाच ‘स्खोले’ म्हणू लागले, पुढे व्याख्यानाला, मग व्याख्यानाच्या जागेला आणि शेवटी एका गुरूच्या अनुयायांना. लॅटिनने त्याचा ‘स्खोला’ केला आणि तिथून तो इंग्रजीत शिरला. (माशांच्या थव्यालाही इंग्रजीत ‘स्कूल’ म्हणतात, पण तो निराळा शब्द. तो डचमधून आलाय.)

आता आणखी एक पायरी खाली. ‘स्खोले’ निघाला धरणे, रोखून धरणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून. हात आवरला की थांबणं आलं, थांबलं की सवड. या धातूचा संस्कृतातला सख्खा भाऊ आहे ‘सह्’: पेलणे, सोसणे, पुरून उरणे. म्हणजे ‘स्कूल’चं मराठीतलं खरं नातेवाईक ‘शाळा’ नव्हे, ‘सहन’ आहे. हे मी विनोद म्हणून सांगत नाही, पण हसू आलं तर इलाज नाही.

मग ‘शाळा’ कुणाची? इथे ध्वनींचा एक पक्का नियम कामी येतो. संस्कृतात जिथे ‘श’ आहे तिथे इंग्रजीच्या घराण्यात ‘ह’ मिळतो. शत आणि हंड्रेड, शृंग आणि हॉर्न, श्वन् (कुत्रा) आणि हाउंड. त्याच रांगेत बसतात शाला आणि हॉल. मूळ धातूचा अर्थ झाकणे. जे वरून झाकतं, आडोसा देतं, ती शाला. अथर्ववेदात घर उभारतानाचं सूक्त आहे: ‘इहैव ध्रुवां नि मिनोमि शालाम्’, इथेच ही पक्की शाला रोवतो. तिथे ना गुरू, ना पाठ. राहतं घर आहे. मराठीत दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा ‘ळ’ होतो, जसा फल-फळ, काल-काळ, तशी शालेची शाळा झाली.

म्हणजे हा शब्द फक्त छप्पर सांगतो. छपराखाली काय चालतं ते आधीच्या पदाने सांगायचं. गोशाळा, धर्मशाळा, वेधशाळा, व्यायामशाळा. नाणी पाडायची ती टंकशाला. घासून घासून तिची टांकसाळ झाली. शिकण्याच्या जागेलाही असंच पूर्वपद लागे. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात लहानगा सिद्धार्थ ‘लिपिशाले’त जातो आणि गुरूलाच विचारतो, या चौसष्ट लिप्यांपैकी कोणती शिकवणार? लिपिशाला, पाठशाला. पुढे मराठीने पूर्वपद गाळलं आणि नुसत्या छपराला शिक्षणाचं घर करून टाकलं. बाकी सगळ्या शाळांना आडनाव लागतं, हिला एकटीला लागत नाही.

जागेवरून नाव ठेवणारे आपण एकटे नव्हेत. अरबीत ‘मदरसा’ म्हणजे अभ्यासाची जागा, ‘मकतब’ म्हणजे लिहिण्याची जागा. त्याहून कितीतरी जुना सुमेरियन शब्द ‘एदुब्बा’: ‘ए’ म्हणजे घर, ‘दुब’ म्हणजे लिहायची मातीची वीट. आजच्या इराकमधल्या निप्पूर इथे १९५१-५२ च्या उत्खननात असं एक छोटंसं घर सापडलं, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचं. त्यात विद्यार्थ्यांनी गिरवलेल्या विटांचे हजाराहून जास्त तुकडे निघाले. नवशिक्यांच्या काही विटा तर तळहातात मावतील अशा, गोल, मसुराच्या दाण्यासारख्या फुगीर. गुरूने कित्ता घालून द्यायचा, पोराने तो उतरवायचा. काम झालं की वीट भिजवून मळायची, पुन्हा कोरी.

याच एदुब्बातल्या एका पोराची कैफियत सुमेरियन भाषेत लिहिलेली आहे. न विचारता बोलला म्हणून छडी, उठून उभा राहिला म्हणून छडी, अक्षर वाईट म्हणून छडी. शेवटी बाप गुरूला घरी बोलावतो, नवं वस्त्र आणि अंगठी देतो, आणि गुरूला तोच मुलगा एकदम गुणी वाटायला लागतो.

यावरून ‘शिक्षा’ आठवल्याशिवाय राहत नाही. ‘शक्’ म्हणजे जमणे. त्याचं इच्छादर्शक रूप ‘शिक्ष्’, म्हणजे जमावं अशी इच्छा धरणे. हिंदीत ‘शिक्षा’ शिक्षणच राहिली, मराठीत ती छडीपाशी येऊन थांबली. कसं झालं असेल, ते वरचं पोरगं सांगेल.

दुसऱ्या एका वाचकाने ‘वर्ग’ आणि ‘इयत्ता’ यांतला फरक विचारलाय. वर्ग म्हणजे गट, कवर्ग-चवर्गातला तोच. इंग्रजी ‘क्लास’ही मुळात गटच: रोममध्ये नागरिकांची मालमत्तेनुसार केलेली विभागणी ती ‘क्लासिस’. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन सांगतो की त्याचे गुरू मुलांना अशाच गटांत वाटत आणि हुशारीच्या क्रमाने बोलायला उभं करत. पण ‘इयत्ता’ मला जास्त आवडतो. ‘इयत्’ म्हणजे इतकं, त्याला ‘ता’ लागला. इयत्ता म्हणजे इतकेपणा. कालिदास रघुवंशाच्या तेराव्या सर्गात म्हणतो की समुद्राचं रूप विष्णूसारखं, ‘इयत्तया’ ठरवता येत नाही, म्हणजे इतकंच असं त्याचं माप काढता येत नाही. म्हणून वर्गात बसतात, बाहेर काढतात तेही वर्गातूनच. इयत्ता मात्र पार करायची असते.

आणि ‘शालीन’? हो, तोही शालेवरूनच. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच दिलंय (५.२.२०). शालीन म्हणजे धीट नसलेला, बुजरा, शालेच्या आत राहणंच ज्याला मानवतं असा. ही शाला अर्थात घराची. शाळेत जाऊन कुणी शालीन होतो, असं पाणिनी म्हणत नाही.