तळ्याची नितळता मोजताना

प्रश्न : एका तळ्याच्या पाण्याची नितळता दर पंधरवड्याला नोंदवायची आहे. सेक्की तबकडी (पाण्यात सोडून किती खोलीपर्यंत दिसते ते पाहायची काळी-पांढरी चकती) घरी बनवता येईल का? दोघांनी मोजलं की आकडे का जुळत नाहीत?

उत्तर : नक्की बनवता येते. २० सेंटिमीटर व्यासाची चकती घ्या, चार समान भाग करून आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्या. रंग मॅटच हवा. चकचकीत रंगावरून उजेड डोळ्यांत येतो. खाली वजन बांधा, नाहीतर तबकडी तिरकी होते. नायलॉनची दोरी भिजल्यावर ताणते, म्हणून ती टाळा. दोरीवर तबकडीच्या वरच्या पृष्ठापासून दर १० सेंटिमीटरवर खूण करा.

सकाळी १० ते दुपारी २ या वेळात, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता तबकडी सोडा. दिसेनाशी झाली की खोली नोंदवा, थोडी आणखी खाली सोडा, मग हळूहळू वर ओढा आणि पुन्हा दिसते ती खोली नोंदवा. दोन्हींची सरासरी हे तुमचं मोजमाप. तबकडी तळाला टेकेपर्यंत दिसत राहिली, तर आकडा लिहू नका, ‘तळापर्यंत दिसली’ असं लिहा. वहीत अशा वेळी आकडा लिहिण्याची चूक सर्रास आढळते आणि पुढची सगळी तुलना बिघडवते.

आकडे जुळत नाहीत ते नजर, लाटा, ढग आणि डोळ्यांची पाण्यापासूनची उंची यांमुळे. जागा, वेळ आणि शक्यतो माणूसही तोच ठेवा. दोघं मोजणार असाल, तर एकमेकांना आकडा आधी सांगू नका.

प्रश्न : खोली कमी आली, म्हणजे पाणी खराब?

उत्तर : तेवढ्यावरून ठरत नाही. शेवाळ, गाळ किंवा कुजलेल्या पाल्याचा विरघळलेला रंग, तिन्हींमुळे खोली घटते. म्हणून पाण्याचा रंग आणि आधीचा पाऊस हमखास नोंदवा. कार्लसनचा पोषणस्थिती निर्देशांक (तळ्यात शेवाळ किती वाढलंय ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे शेवाळ जास्त) २ मीटरला ५० आणि १ मीटरला ६० येतो, पण तो शेवाळामुळे आलेल्या गढूळपणासाठी आहे. गाळाच्या पाण्याला लावलात तर फसाल. उलट, नितळ पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही. फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांची वेगळी तपासणी लागतेच.

प्रश्न : उथळ ओढ्यात काय वापरावं?

उत्तर : पारदर्शकता नळी, म्हणजे तळाशी खूण आणि पाणी सोडायची सोय असलेली उभी पारदर्शक नळी. नमुना ढवळून लगेच भरा, नळी उन्हाबाहेर धरा आणि तळाची खूण वरून जेमतेम दिसेपर्यंत खालून पाणी सोडा. उरलेल्या पाण्याची उंची नोंदवा. रेंगाळलात तर गाळ खाली बसतो.