भत्त्याच्या लिंकआधी धाकट्याच्या हजेरीचे दिवस मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचा धाकटा २०१८ पासून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे होता. टाळेबंदीत घरी बसला, २०२० च्या दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या ठेकेदाराने घेतलं, आणि ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी ‘ऑर्डर नाही’ म्हणून बंद केलं. आता मोबाइलवर ‘बेरोजगार भत्ता दरमहा ५,००० रुपये’ असा मेसेज फिरतो आहे आणि फॉर्मचे ३०० रुपये मागतो आहे. ते भरावेत का, पीएफ काढावा का, गावात रोजगार हमीचं काम नाही म्हणतात ते खरं का, आणि त्याला पुण्याला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंत.

३०० रुपये भरू नका. बेरोजगार आहे म्हणून सरसकट दरमहा पैसे देणारी योजना महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये नव्हती. राज्य सरकारच्या ‘महास्वयम’ या रोजगार पोर्टलवरची नावनोंदणी फुकट आहे आणि ती फक्त नोंदणी आहे. माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या किती पोरांनी या लिंकवर आधार आणि खात्याचा नंबर देऊन टाकला, ते बघून जीव तुटतो.

पण नोकरी गेलेल्या माणसासाठी एक खरी वाट आहे आणि ती तुमच्या धाकट्यासाठी उघडी असू शकते. त्याच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी, कापली जायची का, ते आधी बघा. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात, पगार २१,००० च्या आत असेल तर. त्याच ईएसआयसीची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ जुलै २०१८ पासून आहे. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे. कोरोनात ते ५० टक्के केले आणि ती सवलत २०२१ मध्ये ३० जून २०२२ पर्यंत वाढवली. मिळतात जास्तीत जास्त ९० दिवसांचे, आणि उभ्या आयुष्यात एकदाच. आता मालकाच्या सहीसाठी फेऱ्या माराव्या लागत नाहीत. काम सुटून ३० दिवस झाले की कामगाराने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडायची. तुमच्या धाकट्याचे ३० दिवस भरले आहेत.

अट दिवसांची आहे आणि आपली पोरं तिथेच अडकतात. विम्याखाली किमान दोन वर्षं झालेली हवीत. ईएसआयसी वर्षाचे दोन तुकडे करते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या तुकड्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन तुकड्यांपैकी कुठल्या तरी एकात आणखी ७८ दिवस. धाकटा एप्रिल ते सप्टेंबर २०२१ कामावर होता, म्हणजे पहिली अट बसते. दुसरी ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१ मध्ये किंवा ऑक्टोबर २०१९ ते मार्च २०२० मध्ये बसायला हवी. ठेकेदाराने दिवस खरोखर भरले असतील तरच, हे लक्षात ठेवा. हजेरी कार्डावर २६ दिवस आणि पोर्टलवर १४, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून अर्जाआधी त्याचा वर्गणीचा तपशील काढा आणि महिन्यागणिक जुळवा.

रक्कम किती, तेही सांगतो, म्हणजे घरात उगाच मोठी आशा लागणार नाही. मागच्या चार तुकड्यांची सगळी कमाई जोडून तिला ७३० ने, म्हणजे दोन वर्षांच्या दिवसांनी, भागतात आणि त्याच्या निम्मे रोजचे धरतात. महिन्याला १०,५०० धरू. दोन्ही वर्षं अखंड काम असतं तर ९० दिवसांचे साधारण १५,५०० आले असते. त्याचे मधले सातेक महिने टाळेबंदीत गेले, कमाई सतरा महिन्यांचीच. भागाकार मात्र पूर्ण ७३० नेच. म्हणजे ११,००० च्या आसपास. ज्या काळात पगार नव्हता त्याच काळाने भत्ताही कमी केला. मला हे बरोबर वाटत नाही, पण नियम असा आहे. आणि ११,००० रुपये म्हणजे तीन-चार महिन्यांचा किराणा आहे. सोडू नका.

आता दोन धोके. पहिला, विमा क्रमांक. तो माणसाला जन्मभर एकच असायला हवा. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना क्रमांक विचारत नाही, सरळ नवा काढतो. मग दिवस दोन क्रमांकांत वाटले जातात आणि दोन वर्षं कुठेच भरत नाहीत. धाकट्याचे दोन ठेकेदार झाले आहेत, म्हणून हे नक्की तपासा. दोन क्रमांक निघाले तर आधार, दोन्ही कार्डं आणि पगाराच्या पावत्या घेऊन शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या.

दुसरा धोका सहीचा. हे मी स्वतः भोगलं आहे. २००९ मध्ये मी ज्या सूतगिरणीत होतो ती बंद पडायला आली. ऑफिसात एकेकाला बोलावून कागद पुढे केला, ‘हिशेब लवकर मिळेल, सही कर’. मी केली. त्यात ‘स्वखुशीने काम सोडत आहे’ असं लिहिलं होतं. ईएसआयसीची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून होतीच. कारखाना कायमचा बंद झाला किंवा कायदेशीर कपात झाली, तर तिच्यात कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. आज ती वर्षभर निम्मी आणि पुढचं वर्ष पाव अशी आहे. माझ्याबरोबर ज्या दोघांनी सही केली नव्हती त्यांना ती मिळाली. मला नाही. माझी थोरली तेव्हा नववीत होती.

म्हणून धाकट्याला विचारा की शेवटच्या दिवशी कशावर सही केली. बेकायदा ठरलेला संप, गैरवर्तनाबद्दल काढणं, किंवा आपणहून सोडणं, या तिन्हींत अटल योजनेचा पैसा नाही. सही झाली नसेल तर ठेकेदाराला साधं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा: ‘मला अमुक तारखेपासून काम दिलेलं नाही, मी कामावर यायला तयार आहे.’ कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला काढताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. तो मागायचा असेल तर हे पत्र कामगार आयुक्तांच्या कार्यालयात उपयोगी पडेल.

हिंगणघाट, राळेगाव, पांढरकवडा भागातल्या ज्यांचे लोक जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधण्याच्या कारखान्यात, जातात त्यांच्यासाठी इथेच सांगतो. जिनिंग-प्रेसिंग हा कायद्याच्या भाषेत हंगामी कारखाना, आणि ईएसआयचा कायदा हंगामी कारखान्याला लागूच होत नाही. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रेच्यांवर रात्रपाळ्या करणाऱ्या, गाठी वाहणाऱ्या माणसाला ना हा भत्ता, ना तो दवाखाना. कापसाच्या मुलखात कापसाचंच काम करणारा बाहेर राहिला. याबद्दल आपल्याकडचे पुढारी बोलत का नाहीत, हे मला कळत नाही. तसंच ‘ॲप्रेंटिस’ म्हणून घेतलेल्या पोरांचं. त्यांचीही ईएसआय कापली जात नाही, म्हणून तीन वर्षं तेच काम करूनही कागदावर ते कामगार नसतात.

आता गावातल्या रोजगार हमीच्या कामाचं. ‘काम नाही’ हे तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. जॉबकार्ड असेल तर ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून लेखी मागणी करा आणि तारखेसह पोच घ्या. रोजगार सेवक पोच देत नसेल तर तोच अर्ज तहसील किंवा पंचायत समितीत द्या. मागणीपासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता देणं सरकारवर बंधनकारक आहे, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि पुढे निम्मा. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं धरतात, म्हणून तो भत्ता जवळपास कुणाला मिळत नाही. २०२१-२२ मध्ये मजुरीचा दर २४८ रुपये होता, तोही मोजमापावर. तेव्हा केंद्राची हमी कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची होती. त्यापुढचे दिवस राज्याने द्यायचे, कारण ही कल्पनाच मुळात आपल्या राज्याची. १९७२ च्या दुष्काळात कामं निघाली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. एकट्याने अर्ज देऊ नका. दहा-पंधरा घरांनी एकाच दिवशी दिला तर बांधबंदिस्तीचं किंवा पांदण रस्त्याचं काम निघतं. आमच्या गावात निघालं.

पीएफ २०२१ मध्ये महिनाभर काम नसेल तर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर सगळा काढता यायचा. सगळा काढू नका. तीन वर्षांची सेवा त्याने जोडली आहे. दहा वर्षं झाली की पेन्शनचा हक्क येतो, आणि सगळं काढलं की पुन्हा शून्यापासून. फारच अडलेल्यांना तेव्हा पीएफमधून कोविडचा ॲडव्हान्स मिळायचा, मे २०२१ च्या शेवटापासून दुसऱ्यांदाही. ठेकेदाराने बाहेर पडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती धाकटा स्वतः पोर्टलवर टाकू शकतो.

पुण्याचं शेवटी, कारण तिथे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं असं नाही. बुटीबोरी असो की चाकण, मी जे पाहतो ते सारखंच आहे. ऑर्डरी हळूहळू येत आहेत, पण कंपन्या नवा माणूस घ्यायच्या आधी आहे त्यालाच बारा तास राबवतात, आणि घेतलाच तर ठेकेदारामार्फत सहा-आठ महिन्यांसाठी. तिथे गेल्याने नोकरीची जात बदलत नाही, खोलीभाडं आणि मेस मात्र वाढते. एजंटाच्या फोनवर पाठवू नका. आधी गेलेल्या गावच्या पोराकडून कंपनीचं नाव, हातात येणारा पगार आणि ईएसआय-पीएफ कापतात का, एवढं पक्कं करा. व्याजाने पैसे काढून तर मुळीच पाठवू नका.

तोवर घर कोण चालवतं आहे तेही बघा. २०२१ च्या हंगामात कापूस हमीभावाच्या ६,०२५ रुपयांच्या बराच वर गेला आणि आमच्याकडे वेचाईला बाया मिळत नाहीत. तुमच्याकडेही आई आणि वहिनी पहाटे दवात पऱ्हाटीत उतरत असतील. धाकटा मोबाइल घेऊन ओट्यावर बसला असेल, तर त्याला सांगा की तुरीची सोंगणी येते आहे, तिला हात लाव. आणि अर्ज याच आठवड्यात भर.

तपशील काढल्यावर दोन क्रमांक दिसले किंवा दिवस जुळले नाहीत, तर मला महिने आणि दिवस लिहून कळवा. आधार किंवा विमा क्रमांक सगळ्यांसमोर टाकू नका. शाखा कार्यालयाच्या अर्जाचा मजकूर मी लिहून देतो.